पटल आपलं, वळण त्याचं

डेंग्यूच्या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे १०,७०० अक्षरांचा आहे. त्यातून दहा प्रथिनं तयार होतात. तीन विषाणूचं अंग घडवणारी, सात त्याच्या प्रती काढण्याच्या कामाची. या दहांपैकी एकालाही मेद बनवता येत नाही. तरीही पेशीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नव्या विषाणूच्या अंगावर मेदाचं पातळ अस्तर असतं आणि त्याच्या जनुकाची प्रत निघते तीसुद्धा मेदाच्या पटलाने वेढलेल्या एका बारीक कप्प्यात. अस्तर आणि कप्पा, दोन्ही आपल्याच पेशीचे. डेंग्यूवर आज एकही खास औषध का नाही आणि ते कुठे सापडण्याजोगं आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला या पटलापाशी दिसतात.

आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतरचे दोन महिने डेंग्यूची चर्चा दोनच गोष्टींभोवती घुटमळते. एक म्हणजे साचलेलं पाणी: कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे टायर, नगरपालिकेची धूरफवारणी. दुसरी गोष्ट प्लेटलेट. घरातल्या माणसाचा आकडा दीड लाखावरून साठ हजारांवर आला की नातेवाईक रक्तपेढ्यांकडे धावतात, कुणी पपईच्या पानांचा रस आणून देतं. ही धावपळ मायेपोटीच असते. पण सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णांवर झालेली आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी असं सांगते, की रक्तस्राव होत नसताना केवळ आकडा उतरला म्हणून प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळत नाही. डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळल्यामुळे. डास हे एक टोक, प्लेटलेट हे दुसरं. मधला सगळा भाग, म्हणजे विषाणू पेशीत शिरल्यापासून त्याच्या असंख्य प्रती होऊन बाहेर पडेपर्यंतचा, आपल्या बोलण्यात येतच नाही. औषधाला जागा आहे ती तिथेच.

म्हणून आधी तो मधला भाग नीट पाहू.

एडिस इजिप्ती डासाची मादी चावते तेव्हा विषाणू तिच्या लाळेबरोबर त्वचेत उतरतो. पेशी त्याला एका इवल्याशा पुटिकेतून आत ओढून घेते. पुटिकेतली आम्लता वाढली की विषाणूच्या पृष्ठभागावरची प्रथिनं आकार बदलतात, त्याचं अस्तर पुटिकेच्या पटलात मिसळून जातं आणि आतला आरएनए पेशीद्रव्यात मोकळा होतो. हा आरएनए आपल्या पेशीतल्या संदेशवाहक आरएनएच्याच जातीचा असल्यामुळे पेशीचे रायबोसोम तो वाचू लागतात. हे वाचन चालतं आंतर्द्रव्यजालिकेवर. शाळेच्या पुस्तकातली पेशीची आकृती आठवत असेल, तर केंद्रकाला लागून पसरलेली दुमडीदुमडींची जाळी म्हणजे हीच. पेशीची पटलं आणि बाहेर पाठवायची प्रथिनं इथे घडतात. डेंग्यूची दहाही प्रथिनं इथे एकाच लांब साखळीच्या रूपात जन्मतात. काही ठिकाणी विषाणूचं स्वतःचं विकर ही साखळी तोडतं, तर काही ठिकाणी पेशीचं.

खरी गंमत यानंतर आहे. सुट्या झालेल्या प्रथिनांपैकी एनएस४ए आणि एनएस४बी ही जालिकेच्या पटलात रुतून बसतात. एनएस१ जालिकेच्या आतल्या बाजूने पटलाला चिकटतं. सपाट पटल वाकू लागतं आणि जालिकेच्या पोकळीत ढकललं जातं. फुगलेल्या फुग्यात बोट खुपसल्यावर रबर आत जातं, पण फाटत नाही, आणि बोटाभोवतीची जागा बाहेरच्या हवेशी जोडलेलीच राहते. तसं हे घडतं. जर्मनीत हायडेलबर्ग इथल्या राल्फ बार्टेनश्लागर यांच्या गटाने २००९ साली डेंग्यूग्रस्त पेशींचे अतिपातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरनिराळ्या कोनांतून पाहिले आणि त्या चित्रांवरून जालिकेचा त्रिमिती आराखडा मांडला. त्यात साधारण ९० नॅनोमीटर व्यासाचे गोल कप्पे ओळीने बसलेले दिसले. प्रत्येकाला पेशीद्रव्याकडे उघडणारी एक मान होती आणि तिची रुंदी जेमतेम १० नॅनोमीटर. तयार विषाणू साधारण ५० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे तो या मानेतून मावण्याचा प्रश्नच नाही. तिथून ये-जा करू शकतो तो आत लागणारा कच्चा माल आणि बाहेर पडणारा आरएनएचा धागा. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. मानेच्या तोंडासमोर जालिकेचं जे शेजारचं पटल येतं, तिथेच नवे विषाणू कळीसारखे उमलत होते. नवा आरएनए कप्प्यातून निघतो आणि लगेच समोरच्या पटलात गुंडाळला जातो. पेशीद्रव्यात तो उघडा पडतो तो फार थोडा वेळ.

उघडं न पडणं हे विषाणूसाठी जीवनमरणाचं आहे. आरएनएची प्रत काढताना मूळ धागा आणि प्रत काही काळ एकमेकांना जोडलेले राहतात, म्हणजे दुपदरी आरएनएचे लांब तुकडे तयार होतात. निरोगी पेशीच्या पेशीद्रव्यात अशा वस्तूचं काही काम नसतं. रिग-आय आणि एमडीए५ ही पेशीची पहारेकरी प्रथिनं तिच्याच शोधात असतात. त्यांना ती सापडली की इंटरफेरॉनचा इशारा सुटतो आणि आसपासच्या पेशी सावध होतात. कप्प्यात बसलेलं दुपदरी आरएनए पहारेकऱ्यांच्या नजरेआड राहतं. शिवाय प्रती काढणारी प्रथिनं, मूळ मजकूर आणि कच्चा माल हे सगळं इतक्या चिमुकल्या जागेत एकवटल्यामुळे कामाला गती येते. आरएनए हाच जनुकीय मजकूर असलेले डेंग्यूच्या जातीचे जवळपास सगळे विषाणू हाच मार्ग धरतात. कावीळ करणारा हिपॅटायटिस-सी आणि करोनाही त्यात आले. फक्त त्यांचे कप्पे दुहेरी पटलाचे असतात.

इतके कप्पे उभे करायला मेद लागतो, आणि विषाणू तो मिळेल त्यावर भागवत नाही. एनएस३ हे प्रथिन पेशीतलं मेदाम्ल घडवणारं विकर कप्प्यांच्या जागी खेचून आणतं, असं शिकागोतल्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं. डेंग्यू पेशीला तिचे साठवलेले मेदाचे थेंब जाळायला लावून ऊर्जाही मिळवतो, हेही त्याच गटाने त्याच वर्षी दाखवलं. २०१६ मध्ये स्टॅनफर्ड आणि सेंट लुईस इथल्या दोन गटांनी मानवी पेशीतली जनुकं एकेक करून बंद पाडली आणि कोणत्या जनुकावाचून हे विषाणू अडतात ते तपासलं. दोघांच्याही यादीत वरच्या जागा जालिकेतल्या प्रथिनांनी पटकावल्या. २०२१ मध्ये या यादीत टीएमईएम४१बी या नावाची भर पडली. पटलाच्या दोन थरांत मेदाचे रेणू इकडून तिकडे हलवणारं हे प्रथिन नसेल तर डेंग्यू, झिका, पीतज्वर यांपैकी कोणाचंच पेशीत निभत नाही. वाकवायच्या पटलाचे दोन थर सारखे राहून चालत नाही, एका बाजूला जास्त मेद लागतो, हे लक्षात घेतलं तर त्याची गरज समजते.

एनएस१ वर थोडं थांबायला हवं, कारण ते अनेक मराठी घरांत येऊन गेलेलं आहे. तापाच्या पहिल्या दिवसांत प्रयोगशाळेच्या कागदावर ‘एनएस१ पॉझिटिव्ह’ असं छापून येतं, ते हेच. जालिकेच्या आत पटलाला चिकटून कप्पा सांभाळणाऱ्या या प्रथिनाच्या सहा प्रती एकत्र येतात, मधल्या पोकळीत मेदाचे रेणू भरून घेतात आणि पेशीबाहेर रक्तात पोचतात. तपासणीच्या पट्टीवर उमटणारी रेघ त्यांच्यामुळेच उमटते. बाहेर आल्यावर ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या संरक्षक थराला इजा करतं आणि द्रव झिरपायला हातभार लावतं, हे २०१५ पासूनच्या प्रयोगांतून समोर आलं आहे. पेशीच्या आत पटल वाकवण्यात सामील असलेलं प्रथिन बाहेर येऊन आजार गंभीर करतं. मला यातून असं वाटतं, की रोगाची तीव्रता आणि विषाणूची आतली बांधणी या दोन वेगळ्या विद्याशाखांच्या गोष्टी मानून आपण स्वतःचंच नुकसान केलं आहे.

चिकनगुनियाचं गणित थोडं वेगळं आहे आणि महाराष्ट्राला ते जवळचं आहे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्याची साथ आली होती. त्यानंतर जवळजवळ तीन दशकं तो देशात ठळकपणे दिसला नाही आणि २००६ मध्ये एका वर्षात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. सांधे धरून बसलेली गावंच्या गावं मराठवाड्याने तेव्हा पाहिली. हा विषाणू जालिकेऐवजी मुख्यतः पेशीच्या बाहेरच्या पटलावर कप्पे करतो. २०२१ मध्ये त्याच्या एनएसपी१ या प्रथिनाची रचना उलगडली. बारा प्रती मिळून एक कडं तयार होतं आणि ते कप्प्याच्या मानेशी बसतं. नव्या आरएनएच्या टोकाला रासायनिक टोपी चढवायचं कामही याच प्रथिनाचं, आणि पटलाशी संबंध आल्याशिवाय ते हे काम करतच नाही. विषाणूचं विकर चालू करण्याची कळ पटलाच्या हातात आहे! औषध शोधणाऱ्यासाठी याहून स्पष्ट खूण कोणती असेल?

डासाच्या पेशीतही डेंग्यू असेच कप्पे करतो, पण डास त्याने आजारी पडून मरत नाही. डासाला एक अडचण असते: कोणत्याही कीटकाप्रमाणे त्याला स्वतः कोलेस्टेरॉल बनवता येत नाही, ते अन्नातून मिळवावं लागतं. डासात वोल्बाकिया हा जिवाणू सोडला तर डेंग्यूची वाढ खुंटते. त्याची कारणं अनेक आहेत, पण हा जिवाणूही डासाच्याच मेदावर आणि कोलेस्टेरॉलवर जगतो, त्यामुळे विषाणूला ते कमी पडतं, हे त्यातलं एक. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात असे डास सोडून केलेल्या चाचणीत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. ते निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे डासाच्या शरीरातसुद्धा ही ओढाताण मेदावरूनच चालते.

इथवरचं वाचून कोणालाही सुचेल की मग पेशीचा मेदच रोखावा. संशोधकांनाही ते सुचलं. कोलेस्टेरॉल कमी करणारं लोव्हास्टॅटिन व्हिएतनाममध्ये ३०० प्रौढ रुग्णांना देऊन पाहिलं. २०१६ च्या निष्कर्षांनुसार ते सुरक्षित होतं, पण ना विषाणू घटला, ना आजार हलका झाला. त्याआधी सिंगापूरमध्ये सेल्गोसिव्हिर हे औषध ५० रुग्णांवर तपासलं गेलं. जालिकेत प्रथिनांवर चढवलेल्या साखरेच्या रेणूंची छाटणी करण्याच्या कामात ते अडथळा आणतं आणि प्रयोगशाळेत त्याचा परिणाम उत्तम दिसला होता. २०१४ मध्ये निकाल आला: ना रक्तातल्या विषाणूत म्हणण्यासारखी घट, ना तापात.

पेशीलाच लक्ष्य करण्याच्या बाजूने एक जोरदार युक्तिवाद केला जातो. विषाणू उत्परिवर्तनाने औषधाला चकवू शकतो, पण आपल्या पेशीची जनुकं आठवड्याभरात बदलत नाहीत, म्हणून त्या औषधाला विषाणू सहजासहजी सरावणार नाही. तर्क बिनचूक आहे. तरीही मला तो पटत नाही. जालिका आणि कोलेस्टेरॉल शरीरातल्या प्रत्येक पेशीला लागतं. विषाणूला अडेल इतकं ते दाबायचं, तर रोग्यालाही त्याचा त्रास होणार. रोग्याला सोसेल इतकंच दाबलं, तर विषाणू उरलेल्यावर भागवून घेणार. आजारी माणसाच्या शरीरात या दोहोंच्या मधली जागा फार अरुंद आहे आणि वरच्या दोन चाचण्यांनी तेच दाखवलं.

पटल आपलं असलं तरी त्याला आलेलं वळण विषाणूच्या प्रथिनांचं आहे. कप्पे उभे राहायला एनएस४बी आणि एनएस३ यांची गाठ पडावी लागते. निरोगी पेशीत ती पडत नाही, कारण दोन्ही तिथे नसतातच. गाठ तोडायची तर हीच तोडावी. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाने आणि यान्सेन कंपनीने नेमकं हेच केलं. त्यांच्या रेणूचे निष्कर्ष २०२१ साली ‘नेचर’मध्ये आले. तो डेंग्यूच्या चारही प्रकारांवर चालतो, उंदरांमध्ये अत्यल्प मात्रेत परिणाम करतो आणि विषाणूला त्याविरुद्ध प्रतिरोध मिळवणं जड जातं. पुढे हायडेलबर्गच्या गटाने त्याचं काम कसं चालतं ते उलगडलं. हा रेणू एनएस३ आणि एनएस४बी यांची नवी जोडणी होऊ देत नाही, आणि जोडणी नाही तर नवे कप्पेही होत नाहीत. आधीच उभ्या राहिलेल्या कप्प्यांवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही.

या शेवटच्या वाक्यावर औषध कसं वापरायचं ते ठरतं. रुग्ण दवाखान्यात पोचतो तो तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर त्याच्या पेशींत कप्पे उभे झालेले असतात आणि रक्तातला विषाणू उतरणीला लागलेला असतो. तेव्हा दिलेल्या गोळीकडून मोठी अपेक्षा ठेवता येत नाही. पण डेंग्यूचा डास एका माणसाला चावून थांबत नाही. दिवसा घरात वावरणारी मादी त्याच घरातल्या आणि शेजारच्या दोघा-चौघांना चावते. मुलाला डेंग्यू निघाला, तर त्याची आई, आजी आणि भावंडं पुढचे काही दिवस धोक्यात असतात आणि त्यांच्या पेशींत अजून काही उभं राहिलेलं नसतं. गोळी त्यांना द्यायची. याच रेणूपासून पुढे विकसित झालेलं मॉस्नोडेन्विर हे औषध अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांना आधी देऊन मग त्यांना सौम्य केलेला डेंग्यू विषाणू टोचण्यात आला. सर्वाधिक मात्रा घेतलेल्या १० जणांपैकी ६ जणांच्या रक्तात विषाणू सापडलाच नाही. औषध न दिलेल्या पाचही जणांत तो सापडला. आकडे लहान आहेत, पण डेंग्यूच्या औषधांच्या इतिहासात एवढं स्पष्ट यश विरळाच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने या औषधाची लोकवस्तीत चालू असलेली दुसऱ्या टप्प्याची चाचणी थांबवली. सुरक्षिततेची अडचण नव्हती; संसर्गजन्य रोगांवरच्या कामाचा प्राधान्यक्रम बदलला, असं कारण कंपनीने दिलं. त्याच २०२४ मध्ये जगभरात डेंग्यूच्या १ कोटी ४० लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. मला या निर्णयाचा राग येतो, पण तो समजतो. डेंग्यू मोसमी आजार आहे, बहुतेक रुग्ण आठवड्याभरात बरे होतात आणि ज्यांना गोळीची गरज आहे त्यांची ऐपत बेताची असते. भागधारकांना उत्तर देणारी कंपनी असा खर्च दीर्घकाळ करेल, ही अपेक्षाच चुकीची होती.

डास आवरले की पुरे, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी खोडून काढणार नाही. साचलेलं पाणी ओतून देणं आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे. पण दर पावसाळ्यात मोहिमा होऊनही भारतात २०२३ मध्ये सरकारी नोंदीतच २ लाख ८९ हजारांच्या आसपास रुग्ण होते. लसीचंही स्वागत आहे. देशी लसीची दहा हजारांवर स्वयंसेवकांची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. मात्र चार प्रकारांच्या या विषाणूत अपुरी प्रतिकारशक्ती कधीकधी उलटते, हे आधीच्या एका लसीने फिलिपिन्समध्ये दाखवून दिलं आहे. पेशीच्या आत काम करणाऱ्या औषधात तो धोका नाही. त्याचं न्यून वेगळं: मॉस्नोडेन्विर डेंग्यूपुरतंच आहे, झिकाच्या एनएस४बी वर ते चालत नाही. त्यासाठी नवा रेणू शोधावा लागेल, आणि कुठे शोधायचा हे आता ठाऊक आहे.

पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र उभं राहिलं, तेच आजचं राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थान. झिकाविरुद्धचे प्रतिपिंड भारतीयांच्या रक्तात आढळल्याची नोंद या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्येच केली होती. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला तो २०२१ साली, आणि निदान झालं याच संस्थेत. विषाणू ओळखण्याची इतकी मोठी परंपरा गाठीशी असताना, त्याच्या कप्प्यापर्यंत आणि तिथून औषधापर्यंत जाण्याचं काम आपण परदेशी कंपनीच्या ताळेबंदावर सोपवून बसलो आहोत. देशात गोळ्या बनवणारे कारखाने आहेत, पेशीशास्त्रज्ञ आहेत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहेत, आणि दुर्दैवाने दर वर्षी रुग्णही आहेत. हवा आहे तो सरकारी पैसा आणि सलग आठ-दहा वर्षं तो आटणार नाही याची हमी.

पहिलं काम तर ठरलेलंच आहे. थांबलेलं औषध किंवा त्याच जागी काम करणारा दुसरा रेणू वाजवी अटींवर मिळवायचा आणि डेंग्यूचा रुग्ण निघालेल्या घरातल्या बाकीच्या माणसांवर, दोन-तीन पावसाळे सलग, निरनिराळ्या जिल्ह्यांत त्याची चाचणी घ्यायची. गोळी पहिल्या रुग्णाच्या निदानानंतर किती तासांत घरी पोचली, याची नोंद त्या चाचणीत रक्ताच्या तपासणीइतकीच काटेकोर ठेवावी लागेल.